चारशे अठ्ठावीस नापास

कारखान्यात त्यांना सगळे परीक्षकबाई म्हणत. कारखाना कसला, दोन मजली इमारतीचा तळमजला, चौदा माणसं आणि जिन्याखाली सायकली. तिथे किरणमापकं दुरुस्त होत. कर्करोगावर किरणांनी उपचार करणारी जी इस्पितळं असतात, तिथे रोज सकाळी पहिला रुग्ण आत घेण्याआधी यंत्रातून नेमके किती किरण बाहेर पडताहेत ते मोजून बघावं लागतं. मोजणारं मापकच खोटं बोललं तर रुग्णाला कमी तरी मिळणार नाहीतर जास्त तरी, आणि दोन्ही वाईट. मोठ्या इस्पितळांनी केव्हाच नवी मापकं घेतली होती. लहान लहान चाळीस इस्पितळं मात्र अजून या कारखान्याच्या जुन्या मापकांवर चालत होती.

त्या मापकाच्या पोटात चार डायोड असत. डायोड म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी, दोन्ही टोकांना एकेक तार. त्या तारांना पाय म्हणायचे. विजेला एका बाजूने जाऊ द्यायचं आणि उलट्या बाजूने अडवायचं, एवढंच त्याचं काम. तसे डायोड बाजारात पैशाला पासरी मिळतात, पण ते सगळे उलट्या बाजूने थोडी थोडी वीज गळू देतात, आणि या मापकाला गळका डायोड अजिबात चालत नसे. म्हणून एका विशिष्ट कंपनीचा विशिष्ट डायोड लागे, आणि तोही एकेक तपासून घ्यावा लागे. एकतीस वर्षं ते तपासण्याचं काम बाई करत होत्या.

काम दिसायला सोपं होतं. डायोड चिमट्याने उचलायचा, तपासणीच्या खोबणीत बसवायचा, उलटी वीज सोडायची आणि काट्याकडे बघायचं. काटा लाल रेघेच्या खाली राहिला तर पास, वर गेला तर नापास. पास झालेला कागदाच्या पुडीत जाई. नापास झालेल्याचे दोन्ही पाय तिथल्या तिथे कटरने गळ्याशी कापून तो डब्यात टाकायचा. हा थोरल्या साहेबांचा नियम. फार पूर्वी एकदा कुणाच्या तरी गलथानपणामुळे नापास डायोड पासच्या पुडीत गेला होता, तेव्हापासून साहेबांनी कानाला खडा लावला. पायच नसले तर चुकून वापरणार कसा? बाईंनी त्या नियमाला कधी बट्टा लागू दिला नाही. त्यांच्या नापासावर कुणी अपील केलेलं कारखान्याला आठवत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर बाईंना याचा थोडा गर्वही होता.

आठ वर्षांपूर्वी कंपनीचं पत्र आलं की हा डायोड आता बनणार नाही, शेवटची मागणी अमुक तारखेपर्यंत नोंदवा. थोरल्या साहेबांनी नोंदवली. तो साठा पुरवून पुरवून वापरला, तरी संपायचा तो संपलाच. दरम्यान थोरले साहेब वारले आणि मुलगा खुर्चीवर बसला. धाकट्या साहेबांनी नवीन भाग वापरून मापकाची नवी रचना करायला घेतली होती, पण इस्पितळात जाणाऱ्या वस्तूला मंजुरी मिळायची म्हणजे दोन वर्षं कुठे गेली नाहीत. तोपर्यंत जुन्या मापकांसाठी निदान तीनशे डायोड हवे होते. आणि जगात ते बनत नव्हते.

एखादी वस्तू बनायची थांबली की तिचा बाजार बंद होतो असं आपल्याला वाटतं. उलट तेव्हाच बनावट मालाला ऊत येतो. कुठल्याही स्वस्त डायोडवरची अक्षरं थिनरने पुसायची, वर हवी ती अक्षरं छापायची आणि द्यायचा खपवून. धाकट्या साहेबांनी दोनदा असा माल घेतला आणि दोन्ही वेळा बाईंनी पहिल्या दहा डायोडांतच सांगितलं, परत पाठवा. शेवटी त्यांनी काकांना गळ घातली.

काका म्हणजे दुसऱ्या गावचे जुन्या मालाचे व्यापारी. बाईंनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांचं बारीक, उभट अक्षर त्या पंचवीस वर्षं ओळखत होत्या. काकांचा माल औषधांच्या रिकाम्या खोक्यांतून येई आणि प्रत्येक पुडीवर तो कुठून मिळाला ते लिहिलेलं असे. काकांनी चार महिने पायपीट करून, एक बंद पडलेला कारखाना हुडकून, सहाशे चौदा डायोड आणून दिले. खोक्यावर लिहिलं होतं, 'स्वतः जाऊन आणले. याहून जास्त कुठे मिळतील असं वाटत नाही.'

माल आला त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट झाली. एकतीस वर्षं बाई जिन्यामागच्या खोलीत बसत आल्या होत्या. तिला खिडकी नव्हती. दिवा एकच, त्यालाही पत्र्याची टोपी, उजेड फक्त मीटरच्या काट्यावर पडेल अशी वाकवलेली. पहिल्या वर्षी बाईंनी तक्रार केली होती, तेव्हा थोरले साहेब म्हणाले, "तिथेच बरं." याउप्पर एक शब्द नाही. मोजकं बोलण्याबद्दल त्या माणसाची ख्याती होती. बाईंनी मनाशी धरलं की चांगल्या खोल्या शिकलेल्यांना आणि आपल्याला अडगळ. तो सल त्यांनी तीस वर्षं जपला.

धाकटे साहेब लहानपणी बाईंच्या टेबलाखाली खेळलेले. ते म्हणाले, "मावशी, बाबांनी तुम्हाला फार कोंडून ठेवलं. निवृत्तीला आता सहाच महिने राहिले. निदान तेवढे तरी उजेडात बसा." आणि त्यांनी बाईंचं टेबल, तपासणीची खोबण, मीटर, सगळं खिडकीपाशी आणून मांडलं. समोर शाळेचं मैदान होतं. बाईंना भरून आलं. त्यांनी नवऱ्याला मुद्दाम दुपारी डबा घेऊन बोलावलं, टेबल बघायला.

मग तपासणी सुरू झाली आणि डायोड धडाधड नापास होऊ लागले. पाचांत चार नापास. बाई डोळ्यांत तेल घालून बघायच्या, काटा लाल रेघ ओलांडून जायचा, कटर चालायचं. तिसऱ्या दिवशी त्या साहेबांकडे गेल्या. "काकांचा मालसुद्धा बनावट आहे," त्या म्हणाल्या. साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी काकांना पत्र लिहिलं, आणि रागाच्या भरात लिहिलेलं पत्र जसं असतं तसंच ते होतं. काकांचं उत्तर आलं, 'नापास झालेले परत पाठवा, मी स्वतः बघतो.' पण परत काय पाठवणार? पाय तर कापलेले. साहेबांनी तसं कळवलं. त्यानंतर काकांकडून चकार शब्द नाही. साहेब म्हणाले, "बघितलंत? चोराच्या मनात चांदणं." बाईंना ते बोलणं रुचलं नाही, पण काटा काही खोटं बोलत नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

जे पास होतील ते तरी हवेच होते, म्हणून तपासणी चालूच राहिली. अशी सुरुवातीपासून तीन आठवडे गेले. एका लख्ख सकाळी बाईंनी एक डायोड खोबणीत बसवला, काटा वर चढला, त्यांनी कटर उचललं, आणि काटा खाली आला. लाल रेघेच्या पार खाली जाऊन गप्प बसला. बाईंनी वर पाहिलं. खिडकीपाशी पॅकिंगवाला उभा राहून फोनवर बायकोशी बोलत होता. देहयष्टीवरून त्याला कारखान्यात कपाट म्हणत, आणि तो कपाटासारखाच सगळी खिडकी अडवून उभा होता.

"कपाट, जरा बाजूला हो," बाई म्हणाल्या.

तो सरकला. काटा चढला.

"आता परत ये."

"बाई, मी काय दार आहे का उघड-मीट करायला?" तो म्हणाला, पण आला. काटा उतरला.

बाईंनी त्याला चार वेळा असं हलवलं. चौथ्या वेळी त्याने बायकोला सांगितलं की नंतर फोन करतो, इथे बाईंना काहीतरी झालंय. झालंच होतं.  काचेचा डायोड. काचेतून उजेड आत जातो आणि उजेडाने तो गळायला लागतो. उजेड अडवला की तोच डायोड अस्सल. पाचांतला एक पास होत होता, तोही ढग आला किंवा कुणी आड आलं म्हणून. जिन्यामागची खोली, टोपी घातलेला दिवा, 'तिथेच बरं', या सगळ्याचा अर्थ बाईंना एका क्षणात कळला, आणि कळायला एकतीस वर्षं उशीर झाला होता. थोरल्या साहेबांनी एक वाक्य जास्त बोलायला काय हरकत होती, असंही त्यांच्या मनात आलं. पण तेवढ्यावर सुटका नव्हती. बाईंच्या खणात थोरल्या साहेबांच्या काळातला एक खात्रीचा डायोड होता, शंका आली तर ताडून बघायला ठेवलेला. तो एकदा खोबणीत लावला असता तर दोन मिनिटांत सगळं उघड झालं असतं. बाईंना शंकाच आली नव्हती.

त्यांनी डबा टेबलावर ओतला आणि मोजले. चारशे अठ्ठावीस. एकाचेही पाय धड नव्हते.

संध्याकाळी घरी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. नवरा निवृत्त बसचालक, सरळ माणूस, बाईंवर जीव असलेला. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"कुणाला कळलंय?" त्याने विचारलं.

"कपाटाने पाहिलं. पण त्याला काय पाहिलं ते कळलेलं नाही."

"मग गप्प बस. उरलेले डायोड आतल्या खोलीत तपास, ते पास होतील. झाले ते झाले. सहा महिने राहिलेत तुझे, मानाने बाहेर पड."

"आणि काका?"

"व्यापारी आहेत ते. त्यांना सवय असते बोल खायची."

 नवऱ्याचं चुकत होतं असंही नाही. आपलं माणूस अपमानित होऊ नये एवढंच त्याला हवं होतं. पण औषधाच्या खोक्यावरचं ते उभट अक्षर काही केल्या त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

दुसऱ्या दिवशी त्या साहेबांच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. धाकटे साहेब खुर्चीवर बसल्यापासून बाई त्यांना अहो-जाहो करत. आज ते भान राहिलं नाही. "तू मला उजेडात बसवलंस," त्या म्हणाल्या, "आणि मी चांगल्या मालाचे पाय कापले. काकांचा माल अस्सल आहे. चूक माझी आहे."

साहेब सगळं ऐकून आधी रागावले नाहीत, ओरडले नाहीत, फक्त खिडकीकडे बघत बसले. टेबल त्यांनीच हलवलं होतं. मग त्यांनी व्यवहारी माणसासारखे दोन प्रश्न विचारले. कापलेल्यांचं काही करता येईल का? आणि ही गोष्ट या खोलीबाहेर जायलाच हवी का?

पहिल्याचं उत्तर शोधायला पाच आठवडे लागले. कापलेल्या खुंटाला वितळलेल्या धातूने नवी तार सोल्डर करायची, तर काच अगदी लगत. उष्णता काचेपर्यंत पोचली की ती तडकते. पहिल्या दिवशी नऊ जोडले, नऊही गेले. सोल्डरिंगवाल्या दोघीजणी हात टेकून म्हणाल्या, बाई, हे होणार नाही. बाईंनी जन्मात सोल्डरिंगची गन हातात धरली नव्हती, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनी ती त्या दोघींकडून धरायला शिकून घेतली. ओल्या चिंधीत गुंडाळलेल्या चिमट्याने खुंट काचेलगत पकडायचा, म्हणजे उष्णता चिंधीत मुरते, हे तिघींना चौथ्या दिवशी सापडलं. मग दोनांतला एक वाचायला लागला. वाचलेला प्रत्येक डायोड बाई जिन्यामागच्या खोलीत नेऊन पुन्हा तपासत. टेबल, मीटर, सगळं परत तिथे गेलं होतं. कपाटानेच उचलून नेलं आणि बाहेर येऊन म्हणाला, बाईंना मैदानावरच्या पोरांचा कलकलाट सोसला नाही. बाईंनी ते खोडून काढलं नाही.

पाच आठवड्यांनी हिशेब बसला. आधी पास झालेले, न तपासता राहिलेले आणि पाय जोडलेले मिळून तीनशे अठ्ठ्याऐंशी. चाळीस इस्पितळांना दोन वर्षं पुरतील इतके. साहेबांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी सगळ्यांना चहा पाजला आणि बाईंना म्हणाले, "संपला विषय, मावशी."

"काकांना काय कळवलं?"

"कळवलं ना. फेरतपासणीत निकालात फरक आढळला, सबब तक्रार मागे घेत आहोत."

बाईंनी ते वाक्य मनात दोन-तीनदा म्हणून पाहिलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. फरक आढळला. कुणामुळे आढळला, माल कसा होता, बनावट म्हटलं ते चूक होतं का बरोबर, यातलं काहीही त्यात नव्हतं. त्या वाक्याची चिमट्याने उचलून तपासणी केली असती तर काटा कुठवर गेला असता, ते बाईंना चांगलं ठाऊक होतं.

"मी फोन करते त्यांना," त्या म्हणाल्या.

"मावशी, आता कशाला उकरून काढायचं? बाहेर कळलं की इस्पितळं विचारणार, एकतीस वर्षांत असं अजून काय काय झालं. काय सांगणार तुम्ही?"

हा प्रश्न बाईंनी स्वतःलाही विचारला होता, आणि त्याने त्यांची झोप उडाली होती. "सांगेन की एकतीस वर्षं अंधारात तपासले, ते बरोबर होते," त्या म्हणाल्या. "आणि तीन आठवडे उजेडात तपासले, ते चुकले. हे मला सांगता येतं. चांगल्या मालाला मी वाईट म्हटलं आणि गप्प बसले, हे मला सांगता येणार नाही."

 साहेबांनी काकांच्या खोक्याच्या झाकणावरचा त्यांचा घरचा नंबर एका चिठ्ठीवर लिहिला आणि चिठ्ठी पुढे सरकवली.

फोन जिन्यामागच्या खोलीतच होता. पलीकडे बराच वेळ वाजत राहिला. मग एक खोल, सावकाश आवाज आला. बाईंनी आपण कोण ते सांगितलं आणि जे ठरवलं होतं ते न थांबता सांगून टाकलं, खिडकी, उजेड, काटा, कटर, सगळं. शेवटी त्या म्हणाल्या, "तुमचा माल अस्सल होता, काका. मी चुकले. मला माफ करा."

 

"चाळीस वर्षं हे विकले मी," काका म्हणाले. "उजेडाचं मलाही माहीत नव्हतं." मग म्हणाले, "बरं झालं घरी फोन केलात. दुकानात केला असता तर मी भेटलो नसतो."

"का? बरं नाही का?"

"तब्येत चांगली आहे. तुमच्या साहेबांचं ते पहिलं पत्र मुलाच्या हातात पडलं. तो म्हणाला, बाबा, तुम्हाला आता माल ओळखता येत नाही, लोक तुम्हाला काहीही खपवतात. वाईट बोलला नाही हो तो. काळजीनेच बोलला. पण किल्ल्या घेतल्या त्याने. त्या दिवसापासून मी घरीच बसून असतो." काका हसल्यासारखे झाले. "नंतरचं ते पत्रही दाखवलं मी त्याला. फरक आढळला म्हणून. तो म्हणाला, बघा, तुमची कीव येऊन सोडून दिलं त्यांनी."

 एकतीस वर्षं त्यांनी नापास केलेल्या वस्तू डब्यात पडत आल्या होत्या, आणि डब्यात पडल्यावर त्यांचं काय होतं हा विचार करायची त्यांना कधी गरज पडली नव्हती.

"बाई, एक विचारू?" काका म्हणाले. "तुम्ही आत्ता जे सांगितलंत, ते कागदावर लिहून द्याल का? दोन ओळी पुरतील. मी तोंडाने सांगितलं तर त्याला वाटेल, म्हातारा आपल्या मनाचंच सांगतोय."

"देते. पण तुमच्या नावाने नाही देत. मुलाच्याच नावाने लिहिते. सांगा त्याचं नाव."

काकांनी नाव सांगितलं, मग पुन्हा एकदा सावकाश सांगितलं. बाईंनी टोपीचा दिवा कागदावर वळवला, नाव लिहिलं, आणि फोन कानाला तसाच धरून त्याखाली पहिली ओळ लिहिली, 'तुमचे वडील फसले नव्हते.'